दातांनी ऐकणारा माणूस

पोशादादा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही, दाखवली. महिना-सव्वा महिन्यापूर्वी मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला येत होतो. ओहोटी लागली होती, त्यामुळे लाँच धक्क्यापासून बरीच अलीकडे थांबली आणि आम्ही होडीची वाट बघत ताटकळत बसलो. तिकडे धक्क्यावर काशिनाथ उभा. हा आणि मी एकाच भातगिरणीत पंधरा वर्षं समोरासमोर काम केलेली माणसं. त्याने हाक मारली नाही. माझ्यापर्यंत ती पोचायची नाही हे त्याला ठाऊक, आणि मी ओरडून काही विचारलं असतं तर त्याच्यापर्यंत पोचलं नसतं हे मला. त्याने एक बोट पुढच्या दातांना लावलं, मग दोन्ही तळवे पालथे करून छातीपासून कमरेपर्यंत सावकाश खाली आणले. माझ्या शेजारच्या कोळणीला वाटलं की तो मला खाली बसायला सांगतोय; तिने माझा सदरा ओढून मला बसवलंसुद्धा. मी बसलो. बसायलाच हवं होतं. आमच्या गिरणीच्या हातभाषेत दाताला बोट म्हणजे पोशादादा, आणि तळवे खाली म्हणजे इंजिन बंद...

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असा आमच्या पंचक्रोशीत रिवाज आहे. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी मात्र आधीच तंबी दिली की जागा कमी आहे. तेव्हा ते निम्मं मी घरीच कापून आलोय. उरलंय ते जमेल तेवढं खरं.

स्वातंत्र्य आलं आणि त्याच्या मागोमाग आमच्या खाडीवर शेठचं इंजिन आलं. दोन मचवे एकमेकांना बांधून त्यावर ते आणलं होतं, आणि ते उतरवताना खाडीचं पाणी वीतभर खाली गेलं असं मी आजवर सांगत आलोय. (चार बोटं म्हणा.) त्यातला एक मचवा पोशादादाच्या बापाचा. बाप त्या किनाऱ्यावर नावाजलेला नाखवा. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, बेडकासारखा गुरगुरतो. म्हातारा वल्हं पाण्यात उभं सोडायचा, त्याचा दांडा दातात धरायचा, डोळे मिटायचा, आणि घोळीचा थवा कुठल्या अंगाला आहे ते सांगायचा. पोशादादा हे बघत वाढला. इंजिन उतरवलं त्या दिवशी तो मचव्यावरून उतरला आणि इंजिनाच्या मागोमाग गिरणीत शिरला, तो पुन्हा मचव्यावर चढलाच नाही. बापाने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी स्वतः गिरणीत आला, इंजिन चालू असताना दारात उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "ह्याच्यात घोली न्हाईत रं, पोशा." मग घरचं एक मोडकं वल्हं देऊन गेला.

त्याच वल्ह्याच्या दांड्याचा हातभर लांब तुकडा ही पोशादादाची काठी. इंजिन चालू असलं की दर तासाला तो काठीचं एक टोक दातात धरायचा, दुसरं बुशावर टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. बुश म्हणजे इंजिनाचा दांडा ज्यात फिरतो ते पितळेचं कडं. ते झिजलं की इंजिन गेलं समजायचं. नवा माणूस हे ध्यान बघून हसायचा, पोशादादा इंजिनाचं मटण चावतोय म्हणायचा. आम्ही हसायचो ते वेगळ्या गोष्टीला. ही काठी तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा. जाताना तेलाने काळी झालेली असायची आणि सकाळी येताना राखेने घासलेल्या तांब्यासारखी लख्ख. आम्ही म्हणायचो, वयनीला स्वच्छतेचं वेड आहे, एक दिवस ती इंजिन घासायला यायची. वयनी म्हणजे त्याची बायको, हिरावयनी. गिरणीच्या अंगणात कण्या-कोंडा पाखडणाऱ्या बायकांत तीही होती, पण इंजिनापासून लांब, उघड्यावर.

आता आवाजाबद्दल. ते इंजिन सुरू झालं की किहीमच्या वाडीत नारळ पडायचे. लोक पाडेकऱ्याची मजुरी वाचली म्हणून शेठला दुवा द्यायचे. एवढं नसेल, पण आत, हलरपाशी, म्हणजे भात सडायच्या यंत्रापाशी, मी काशिनाथच्या कानाला तोंड लावून शिवी दिली तरी तो मान डोलवून "व्हय" म्हणायचा, हे मी पुष्कळदा करून पाहिलंय. म्हणून हातभाषा. मूठ गोल फिरवली की पट्टा चढव, कानाची पाळी धरली की शेठ आला, पोटावर थाप म्हणजे भाकरीची वेळ. तिच्यात पुढे पुढे आम्ही चेष्टा करायला लागलो, भांडायला लागलो. काशिनाथचं लग्नसुद्धा हातभाषेत ठरलं. मुलीचा मामा आमच्याच गिरणीत पोती उचलायचा.

आणि या सगळ्यात एक नवल घडत होतं. दरवर्षी इंजिनाचा आवाज थोडा थोडा कमी होत होता. पहिल्या वर्षी डोकं फुटायचं, चौथ्या वर्षी बरं वाटायला लागलं, सातव्या-आठव्या वर्षी तर इंजिन अगदी गरीब गाईसारखं झालं. आम्ही भाकरी खाताना यावर चर्चा करायचो. काशिनाथ म्हणायचा, इंजिन म्हातारं झालं, त्याचा घसा बसला. कुणी म्हणायचं, खारी हवा खाऊन लोखंड मऊ पडतं. मी सांगायचो की भिंतींत कोंडा जाऊन बसलाय, तो आवाज पितो. मला स्वतःला ते इतकं पटलं की मी एकदा भिंत खरवडून बघितली. पोशादादा या चर्चेत भाग घेत नसे. तो चटणी बोटाने भाकरीवर पसरत बसायचा. एकदा तेवढं अंगणातून पाणी घेऊन आलेली हिरावयनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"आवाज व्हता त्योच हाय. आमाला अंगनात तेवढाच येतो. कान गेलं तुमचं."

आम्ही हसलो. काशिनाथ म्हणाला, "बायकांचे कान लय तिखट." ती हसली नाही. पोशादादाने चटणीचं बोट चाटलं आणि उठून इंजिनाकडे गेला.

पुढच्या वर्षी पाहणीवाले साहेब आले. सरकारचे होते की कुठल्या कॉलेजचे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तरुण माणूस, पांढरी पँट. कारखान्यातल्या कामगाराला आवाज कसा वाटतो, कामाच्या जागी आराम आहे की नाही, हे विचारत गावोगाव फिरत होते. रेवसला उतरताना तेही ओहोटीत सापडले आणि गुडघाभर चिखलातून आले, त्यामुळे पोचले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत पांढरी आणि खाली आमच्यासारखी होती. त्यांच्याजवळ छापील कागद होते. त्यांनी काशिनाथला विचारलं, "इथे आराम वाटतो का?"

"आरामाला हितं कोन येतं, सायेब?"

"तसं नव्हे. त्रास कशाचा होतो?"

"कुसाचा." भाताचं कूस अंगाला लागून रात्रंदिवस खाजतं, ते त्याने सदरा वर करून दाखवलं. साहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं की सगळ्यात वाईट आवाज कोणता. ते इंजिनाकडे बघत होते. उत्तर तिकडून येणार असं त्यांना वाटत होतं. काशिनाथ म्हणाला, "शेठच्या चाव्यांचा." मला विचारलं, मीही तेच सांगितलं. नऊच्या नऊ जणांनी चाव्या सांगितल्या. शेठ कमरेला जुडगा लावून फिरायचा, आणि ती छुमछुम एवढ्या गदारोळातही आम्हाला बरोबर ऐकू यायची आणि आमचे हात भरभर चालायला लागायचे. आज विचार केला की वाटतं, ती छुमछुम ऐकू येणं आमच्या कानांना केव्हाचंच बंद झालेलं असणार. शेठचा हात कमरेकडे जाताना दिसायचा आणि आवाज आम्ही आपला आपण भरायचो...

इंजिनाच्या आवाजाबद्दल मात्र सगळ्यांनी एकच सांगितलं. कमी होत चाललाय. दरवर्षी कमी. साहेबांनी लिहिणं थांबवलं. अशी गिरणी त्यांनी पाहिली नव्हती. शेठ तर गादीवरून उठून आला आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "लखो, साहेब, लखो. माझा इंजिन फार शांत हाय."

साहेबांनी मग दुपारच्या सुट्टीत इंजिन थांबलं असताना आमचे कान तपासायचं ठरवलं. पद्धत साधी. एकेकाला पाठ करून बसवायचं, साहेब मागून खिशातलं घड्याळ हातात धरून एकेक पाऊल जवळ येणार, टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. हे ऐकून, म्हणजे हे बघून, पोशादादाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापर्यंत आम्ही त्याबद्दल अक्षरही बोललो नव्हतो, पण मला माहीत होतं. मचव्यावरून हाक आली की तो मागे बघायचा नाही. तो बोलताना समोरच्याच्या ओठांवरची नजर काढायचा नाही. आणि त्यालाही माहीत होतं, की इंजिनवाला बहिरा आहे असं शेठला कळलं तर त्याच्या हातात इंजिनाऐवजी खराटा येईल. इंजिन गेलं की पोशादादा म्हणजे मचवा सोडून आलेला नाखव्याचा पोर, एवढंच उरणार होतं.

तेव्हा मी शहाणपणा केला. पाठ करून बसणाऱ्याला दिसेन असा समोर जाऊन बसलो. साहेब दोन हातांवर आले की मी मूठ गोल फिरवायची, पट्टा चढव, की बसलेल्याने हात वर करायचा. पोशादादाला वाचवायचं म्हणून सुरू केलं, पण सगळ्यांनाच सोयीचं पडलं. काशिनाथला खूण केली, त्याने हात वर केला. पुढच्याने केला. पोशादादाने तर अशा झोकात केला की जणू टिकटिकीने त्याची झोपमोड झाली. माझ्या पाळीला काशिनाथने मूठ फिरवली. नऊ माणसं, नऊही जणांना बरोबर दोन हातांवर ऐकू आलं.

साहेब जरा गोंधळले, उजेडासाठी दाराकडे वळले. त्यांनी घड्याळ स्वतःच्या कानाला लावलं. हलवलं. पुन्हा लावलं. मग तोंडाने काहीतरी पुटपुटले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे होतो, कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी आपली आदराने मान डोलवली. ते काय म्हणाले ते दारात उभ्या असलेल्या हिरावयनीने नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "हे घड्याळ बंद आहे." रेवसच्या चिखलात ते सकाळीच पडून भिजलं होतं, साहेबांनी पुसून तसंच खिशात टाकलं होतं.

आता इथे साहेबांचा दोष नाही. माणूस चांगला होता, त्याचा चेहरा पडला. त्याने शेठला समजावून सांगितलं की आवाज कमी होत नाही, यांचे कान जातायत, भिंत घाला, धुराड्याला काहीतरी बसवा. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. पोशादादासमोर येऊन, तोंड मोठं उघडून त्याने विचारलं, "पोशा, तुला ऐकू नाय येते, ने?"

पोशादादाने त्याच्या ओठांकडे पाहिलं. "कानानी न्हाय येत, शेठ."

"तर मग? बहेरा माणूस मारा इंजिन चालवते? उद्या फुटेल ने. उद्यापासून तू कोंडा बघ."

मी हातभाषेत काहीतरी सांगायला गेलो, आणि हात पाठीमागे घेतला. माझ्याच मुठीने हे केलं होतं. पोशादादा शेठशी वाद घालत बसला नाही. त्याने जाऊन इंजिन सुरू केलं, काठी उचलली, टोक धोतराला पुसलं आणि साहेबांपुढे धरली. "सायेब, दात हायत ना? धरा."

पांढऱ्या पँटीतला तो शिकलेला माणूस काठी दातात धरून इंजिनापुढे वाकला. मला वाटलं क्षणभराने उठेल. उठेना. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळाने मान वर केली आणि शेठच्या कानाशी जाऊन काय बोलला ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. "आत कुणीतरी चालतंय."

पोशादादालाही कळलं. तो म्हणाला, "चालतं न्हाय, लंगडतंय. चाकाकडचा बुश. चार दिसात जाईल."

शेठने पेणहून मिस्त्री बोलावला. दुसऱ्या दिवशी तो आला, त्याचे कान हिरावयनीएवढे तिखट होते, त्याने इंजिनाला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि सांगितलं की काही नाही, मस्त चाललंय. बाहेर भाताचे सहा मचवे भरती धरून लागलेले. बुश उघडायचा तर पुरा दिवस जाणार. शेठने हात झटकला, चालू द्या म्हणाला. तेव्हा पोशादादाने पुढे होऊन, कुणाला न विचारता, इंजिन बंद केलं. मचव्यांवरची माणसं वळून बघायला लागली. तो म्हणाला, "उघडा. बुश चांगला निगाला तर खराटा मी सोताच घेईन."

त्या दिवशी बुश उघडला तेव्हा काय दिसलं ते मी आजवर दहा प्रकारांनी सांगितलंय. एका प्रकारात तो मिस्त्रीच्या हातात भुगा होऊन पडतो. एकात त्यातून धूर निघतो. खरं एवढंच की त्याला एक चीर होती. केसासारखी. मिस्त्रीलाही पहिल्यांदा दिसली नाही. पुसून, उन्हात नेऊन बघावं लागलं. त्याने शेठकडे बघून नुसती मान हलवली. शेठ चाव्या वाजवत गादीवर जाऊन बसला आणि खराट्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. जाताना मिस्त्रीने ती काठी मागितली, म्हणाला, मला दे, तू दुसरी करून घे. पोशादादाने दिली नाही. "तूच दुसरी करून घे. ही घरची हाय." तेव्हा मला वाटलं, बापाच्या वल्ह्याची म्हणून म्हणतोय.

साहेबांच्या पाहणीचा परिणाम म्हणाल तर झाला. वरून कुठूनतरी शेठला चिठ्ठी आली आणि शेठने आमच्या कानांसाठी कापसाचा एक गठ्ठा आणवला. आम्ही दोन दिवस बोळे घातले. कान खाजतात म्हणून काढले. उरलेल्या कापसाच्या बायकांनी वाती वळल्या आणि त्या वर्षी गावातल्या सगळ्या देवांपुढे आमच्या कानांचा उजेड पडला. भिंत काही झाली नाही.

पुढे वीज आली. इंजिन भंगारात गेलं आणि त्याच्या जागी भोपळ्याएवढी मोटर बसली. गावाला फार बरं वाटलं, शाळेतले मास्तर पेढे वाटायचेच बाकी होते. पोशादादाने पहिल्या दिवशी मोटरीला काठी लावली, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. "ह्याच्यात कोन न्हाय," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. घरी जाळी विणायला बसला. मी मधून मधून जायचो. तो जाळ्यावरून नजर उचलून माझ्या ओठांकडे बघायचा, मी हातांनी बोलायचो, आणि दोघांचं छान चालायचं. मी एखादी थाप जास्तच ताणली की तो बोटं चिमटीत धरून ओढल्यासारखं करायचा. गिरणीत त्याचा अर्थ होता, पट्टा सैल आहे, आवळ.

परवा त्याच्या घरी गेलो. बारावं-तेरावं होऊन गेलेलं, पाहुणे पांगलेले. हिरावयनीने चहा केला. पडवीत दाराच्या मागे काठी उभी होती, तशीच लख्ख. मी ती हातात घेतली. इतकी वर्षं बघितलेली वस्तू, पण हातात कधी घेतलेली नव्हती. एका टोकाला त्याच्या दातांनी दोन्ही बाजूंनी खोल खाच पडली होती, अंगठा बसेल एवढी. दुसरं टोक इंजिनाचं. ते मी उगाच उजेडाकडे धरलं, आणि बघतो तर तिथेही खाच. उथळ. बारीक दातांची.

मी ते टोक वयनीपुढे धरलं आणि भुवया उंचावल्या.

"ते माजं," ती म्हणाली. माझ्यासाठी मोठ्याने, सावकाश म्हणाली, शब्द न् शब्द सुटा. "दिवाबत्ती झाली की हितं बसायचो. येक टोक त्याच्या दातात, येक माज्या. मंग बोलायची मी. दात मिटूनच बोलाया लागतं. पयल्यांदा तेलाची चव लागायची, म्हून घासाय लागली."

"किती वर्षं?" मी विचारलं.

तिने हाताने दाखवलं. हिशेब केला तर तो इंजिन आल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत मागे गेला. म्हणजे आम्ही आवाज कमी होतोय म्हणून भिंती खरवडत होतो तेव्हा या घरात सगळं माहीत होतं, आणि साहेबांच्या घड्याळापुढे माझी मूठ गोल फिरत होती तेव्हा दारात उभी राहून ती तेही बघत होती.

तिने काठी माझ्या हातातून घेतली, पदराने दोन्ही टोकं पुसली आणि मांडीवर आडवी ठेवली. मी विचारलं, "वयनी, एवढी वर्षं रोज काय सांगायचात त्याला?"

ती सांगायला लागली. काठीकडे बघत, मान खाली घालून, हलक्या आवाजात. बराच वेळ सांगत होती. मध्ये एकदा हसली. मला तिचे ओठ दिसत नव्हते. मी चहाची बशी हातात धरून बसलो होतो आणि दर थोड्या वेळाने, आम्ही सगळे गिरणीवाले डोलवतो तशी, मान डोलवत होतो.